हाताला माती लागली तरच घर कळते



गेल्या उन्हाळ्यात खरीपपूर्व बैठकीसाठी एका गावी गेलो होतो. बीजप्रक्रिया, माती परीक्षण, खतांच्या मात्रा असे नेहमीचे विषय झाले. चहा झाला, मंडळी उठू लागली, तेव्हा एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन पुढे आले. मुलगी नुकतीच बारावी झालेली, गणितात हुशार. तिला आर्किटेक्चरला, म्हणजे वास्तुकलेच्या शिक्षणाला जायचे होते. वडील म्हणाले, "साहेब, पाच वर्षं कागदावर रेघा मारायला शिकवतात म्हणे. घर तर शेवटी आपला गवंडीच बांधतो. मग एवढा पैसा घालून पोरगी शिकणार काय?"

प्रश्न रोखठोक होता आणि तो त्या एकट्याचाच नव्हे. आज खेड्यापाड्यांतली मुले-मुली नवनव्या शिक्षणाकडे वळत आहेत. आईबापांना त्या शिक्षणाचे नाव कळते, पण आत काय शिकवतात ते कळत नाही. मी शेतीचा पदवीधर. घरबांधणी हा माझा विषय नाही. तरीही तो प्रश्न माझ्या मनातून जाईना, कारण त्याने मला माझी एक जुनी चूक आठवली. आधी ती सांगतो.

नकाशा बरोबर, गोठा चूक

नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षेच झाली होती. एका शेतकऱ्याला नवा गोठा बांधायचा होता. माझ्याजवळ सुधारित गोठ्याचा छापील नकाशा होता. गव्हाणीची उंची, जमिनीचा उतार, मूत्रनाली, सगळी मापे त्यात दिलेली. जागा मात्र अरुंद होती. म्हणून मी नकाशा तसाच ठेवून नुसता फिरवला. गोठ्याची उघडी बाजू त्यामुळे मावळतीला आली.

त्या घरातली म्हातारी आजी काठी टेकत आली, उभी राहून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, आपल्याकडं पाऊस मावळतीकडनं येतो. त्याला तुझा कागद म्हाईत न्हाई." मी हसलो. आजींना समजावले, की हा तज्ज्ञांनी काढलेला नकाशा आहे.

आषाढात झड लागली. पाऊस थेट गव्हाणीत. जनावरांच्या अंगाखालचा पेंढा ओला तो ओलाच. आठ दिवसांत लहान वासराला न्यूमोनिया झाला आणि ते दगावले. शेतकरी मला एका शब्दाने बोलला नाही. आजीही बोलली नाही. त्यांनी पोत्यांचे पडदे शिवून मावळतीची बाजू झाकली. मी मात्र त्या दिवशी एक गोष्ट शिकलो, जी चार वर्षांच्या पदवीत शिकलो नव्हतो. कागद चुकला तर कागदाला काही होत नाही. चुकीची किंमत त्या छपराखाली राहणारा भरतो.

मग प्रश्न असा, की ही गोष्ट विद्यार्थ्याला शिकत असतानाच कळेल अशी काही शिक्षणाची रीत आहे का? त्या मुलीच्या निमित्ताने मी शोध घेतला, वाचन केले. अशी रीत आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने ती तीस वर्षांहून अधिक काळ चालवली आहे. मी तिथे गेलेलो नाही, पण जे वाचले ते तुम्हाला आपलेसे वाटेल, कारण तो मुलूखही कापसाचा आणि काळ्या जमिनीचा आहे.

कापसाच्या मुलखातली शाळा

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथे ऑबर्न विद्यापीठ आहे. १८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. ऑबर्नला १८७२ मध्ये असा दर्जा मिळाला. आपली कृषी विद्यापीठे याच धर्तीवरची. १९६० मध्ये पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले, १९६८ मध्ये आपल्या राज्यात राहुरीचे निघाले. संशोधन, शिक्षण आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच विद्यापीठाने करायची, ही कल्पना तिकडचीच. तेव्हा ऑबर्न हे एका अर्थी आपल्या नात्यातले घर म्हणायला हरकत नाही.

या विद्यापीठात वास्तुकला शिकवणारे सॅम्युअल मॉक्बी आणि डी. के. रूथ या दोन प्राध्यापकांनी १९९३ साली एक नवी शाळा काढली. तिचे नाव 'रूरल स्टुडिओ'. स्टुडिओ म्हणजे विद्यार्थ्यांची काम करण्याची जागा. ही जागा त्यांनी विद्यापीठाच्या आवारात ठेवली नाही. सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, हेल कौंटी या गरीब भागात नेली. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, पण या अख्ख्या कौंटीची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. शाळेचे ठाणे असलेले न्यूबर्न हे गाव तर दोनशे माणसांच्याही आतले.

या मुलखाचा इतिहास कष्टाचा आहे. एके काळी काळ्या लोकांना गुलाम करून त्यांच्याकडून इथे कापूस पिकवून घेतला. गुलामगिरी गेली, पण पुढे कित्येक पिढ्या गोऱ्या-काळ्या गरीब कुटुंबांनी वाट्याने जमिनी कसल्या. १९३६ साली लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स इथल्या वाटेकऱ्यांच्या घरी राहून गेले. १९४१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, त्यात ती फळ्यांची मोडकी घरे दिसतात. मॉक्बी तिथे गेले तेव्हा त्याला अर्धशतक उलटून गेले होते, तरीही नळ नसलेली आणि पावसात गळणारी घरे तिथे होतीच.

मानेखालचा आठवडा

शिक्षण कसे चालते ते पाहा. वास्तुकलेचा अभ्यासक्रम तिथेही पाच वर्षांचा. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी एक सत्र न्यूबर्नला येऊन राहतात. पाचव्या वर्षाचे विद्यार्थी वर्षभर राहतात. चार-चार जणांची तुकडी, आणि प्रत्येक तुकडीकडे एक खरे काम. कुणाकडे घर, कुणाकडे गावाचे वाचनालय, कुणाकडे अग्निशमन केंद्र. वर्ष संपले आणि काम अपुरे राहिले, तर अनेक जण पदवी हातात पडल्यावरही थांबतात आणि ते पुरे करूनच गाव सोडतात.

सत्राची सुरुवात अंगमेहनतीने होते. पहिल्या दिवसांत विद्यार्थी जुन्या इमारतींची डागडुजी करतात, खणतात, झाडतात, रंग देतात. या दिवसांना तिथे 'मानेखालचा आठवडा' अशा अर्थाचे नाव आहे. डोके जरा बाजूला ठेवा, मानेखालचे शरीर कामाला लावा, असा त्याचा भाव. यात एक शहाणपण आहे. पूर्वीच्या मुलांनी बांधलेली इमारत दुरुस्त करताना कोणता सांधा गळतो, कोणते लाकूड कुजते हे नव्या मुलांना आपोआप दिसते. दुसऱ्याच्या रोपवाटिकेतली मर पाहिली, की आपल्या वाफ्याचा निचरा आपण आधी तपासतो, तसेच हे.

ज्याच्यासाठी घर बांधायचे त्याच्याकडे मुले पुन्हा पुन्हा जातात. स्वयंपाक कसा करता, सकाळी कुठे बसता, नातवंडे किती, पाय दुखतात का, हे विचारतात. त्यानंतर चित्र काढतात. पण चित्रावर काम भागत नाही. भिंतीचा कोपरा, छपराची वळचण असे भाग खऱ्या मापात आधी उभे करून पाहतात. बाहेरून इंजिनिअर आणि इतर जाणकार येतात, ते चुका काढतात. मग पुन्हा चित्र, पुन्हा नमुना. एवढे झाल्यावर पाया.

आता विचार करा, त्या एका घरात किती विद्या आल्या. पाया घालायचा तर माती कळली पाहिजे. छप्पर घालायचे तर वारा आणि पाऊस कळला पाहिजे. लाकूड घ्यायचे तर झाडाची जात कळली पाहिजे. हिशेब हवा, आरोग्य हवे, कायदा हवा. आणि सर्वांत अवघड म्हणजे, समोरचे म्हातारे माणूस जे तोंडाने सांगत नाही ते ओळखता आले पाहिजे. विद्यापीठात या विद्यांची वेगवेगळी दालने असतात. घर मात्र त्या सगळ्यांना एकाच जोत्यावर आणून बसवते.

शाळेचे स्वतःचे शेतही आहे. विद्यार्थी तिथे भाजीपाला पिकवतात आणि तो त्यांच्याच स्वयंपाकघरात शिजतो. थंडीत रोपे जगावीत म्हणून त्यांनी एक हरितगृह बांधले, त्यात पाण्याने भरलेली पिंपे रचली. दिवसा पाणी ऊन साठवते आणि रात्री ऊब सोडते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने वांगी-टोमॅटो का लावावेत, असे कुणी विचारील. ज्याने एकदा पीक राखले त्याला ऊन, सावली आणि ओल ही पुस्तकातली अक्षरे राहत नाहीत, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

गवताच्या पेंढ्यांचे घर

त्यांचे पहिले घर १९९४ साली मेसन्स बेंड नावाच्या वस्तीत झाले. एका वृद्ध जोडप्याचे कुटुंब होते, नातवंडे त्यांच्याजवळच राहत. मुलांनी वाळलेल्या गवताचे दाबून बांधलेले भारे विटांसारखे रचून भिंती उभ्या केल्या आणि त्यांवर गिलावा केला. जाड भिंतीमुळे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब. पुढे रुंद ओसरी, कारण तिथल्या माणसांचा दिवस आपल्यासारखाच ओसरीवर जातो. मागच्या अंगाला नातवंडांसाठी तीन लहान कमानदार खोल्या.

पुढे अशी बरीच कामे झाली. जुन्या मोटारींच्या टायरांमध्ये माती ठोकून भरली आणि त्यांच्या भिंतींचे प्रार्थनामंदिर केले. मेसन्स बेंडलाच २००० साली एक समाजमंदिर झाले. त्याच्या भिंती धुमसाने ठोकलेल्या मातीच्या आणि एका बाजूच्या काचा भंगारातल्या मोटारींच्या. ऐंशी काचा एका विद्यार्थ्याने शिकागोच्या भंगारवाल्याकडून आणल्या होत्या. २००२ च्या एका घरात बहात्तर हजार जुन्या गालिच्यांचे तुकडे एकावर एक दाबून भिंत केली.

या कामांचे फोटो जगभर छापून आले. मॉक्बींना २००० साली मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा मान मिळाला. डिसेंबर २००१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ते वारले. गरीब माणसालाही नुसते छप्पर नव्हे, तर चांगले आणि देखणे घर मिळाले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. त्यांच्यानंतर मूळचे इंग्लंडच्या यॉर्कशरचे अँड्र्यू फ्रिअर यांनी काम हाती घेतले.

एक घर की शंभर घरे?

इथे मला त्यांचे विशेष कौतुक वाटते. वाहवा होत असताना त्यांनी स्वतःलाच एक अवघड प्रश्न विचारला. टायरांचे मंदिर आणि गालिच्याची भिंत पाहायला लोक येतात, पण शेजारच्या माणसाला तसे घर बांधता येईल का? तुम्ही शेतकरी हा प्रश्न लगेच ओळखाल. संशोधन केंद्रावर एका गुंठ्यात विक्रमी पीक काढणे वेगळे आणि ते वाण कोरडवाहू शेतकऱ्याच्या चार एकरांत उतरवणे वेगळे.

म्हणून २००५ पासून त्यांनी 'वीस हजार डॉलरचे घर' हे काम घेतले. हा आकडा हवेतून काढला नव्हता. तुटपुंज्या सरकारी निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस महिन्याला साधारण शंभर डॉलरचा हप्ता फेडू शकतो, त्यावरून कर्ज किती झेपेल हे काढले. त्या रकमेत सामानही आले आणि बांधणाऱ्याची मजुरीही आली. इतकी ऐपत नसलेले लोक तिकडे चाकांवर ओढून आणलेली तयार घरे घेतात. पण त्यांची किंमत वर्षागणिक उतरत जाते. जमिनीत पाय रोवून उभ्या असलेल्या घराचे तसे होत नाही.

दर वर्षी नवी तुकडी आली, की ती आधीची सगळी घरे पाहते, त्यांत राहणाऱ्यांना विचारते आणि मग आपले घर आखते. घर लहान, बहुतेक वेळा एका झोपण्याच्या खोलीचे. जोते जमिनीपासून उचललेले, छत उंच, समोरासमोर खिडक्या आणि पुढे ओसरी. सजावट नाही. पण दार कुठे, पायरी किती उंच, चुलीजवळ वारा कसा येईल, यावर महिनोन्‌महिने विचार केलेला.

अडचणीही लपवलेल्या नाहीत. २०१६ मध्ये शेजारच्या जॉर्जिया राज्यात अशी दोन घरे विद्यार्थ्यांऐवजी ठेकेदाराकडून बांधून घेतली, तेव्हा खर्च ठरल्या रकमेत बसला नाही. एवढ्या छोट्या कर्जात बँकांना रस नसतो, हेही कळले. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. कर्ज, विमा आणि परवाने यांचाही अभ्यास हवा, म्हणून पुढे तेही विषय त्यांनी शिक्षणात घेतले.

आणि माती. हेल कौंटीच्या बऱ्याच भागात काळी चिकण जमीन आहे. पाणी मिळाले की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आपल्या कपाशीच्या जमिनीची सख्खी बहीण. शौचालयाच्या टाकीतून निघणारे पाणी अशा जमिनीत जिरत नाही, वर येते, रोगराई होते. घर कितीही चांगले बांधले, तरी हे सांडपाणी नीट गेले नाही तर सगळे फुकट. त्या प्रश्नावर आता हे लोक मृदाशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या जाणकारांबरोबर काम करीत आहेत. वाचताना मला आपल्या काळ्या रानात बांधलेली, दुसऱ्याच वर्षी तडे गेलेली घरे आठवली.

आजवर एक हजाराहून अधिक विद्यार्थी तिथून शिकून बाहेर पडले आणि दोनशेहून अधिक कामे उभी राहिली. न्यूबर्नच्या अग्निशमन केंद्राशेजारी २०११ साली गावाचा सभागृहवजा कारभाराचा वाडा झाला. एवढ्याशा गावात आज लोक जमतात ती जागा विद्यार्थ्यांच्या हातची आहे.

आपण काय घ्यावे?

हे सगळे जसेच्या तसे आपल्याकडे आणता येईल असे मी म्हणणार नाही. तिथे विद्यार्थ्यांची मेहनत खर्चात धरत नाहीत, देणग्या मिळतात, विद्यापीठाचा आधार असतो. गवताच्या भिंती आपल्या वाळवीपुढे किती टिकतील, याचीही शंका आहे. पण मूळ रीत आपल्याला परकी नाही. कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत आणि कृषिकन्या ग्रामीण कार्यानुभवासाठी तुमच्या गावात येऊन राहतातच. त्यांना बांधावर नेऊन तुम्हीच शिकवता. तीच गोष्ट घराच्या बाबतीत व्हावी, एवढेच.

ज्यांच्या मुला-मुलींना या शिक्षणाला जायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे आणि 'नाटा'सारखी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. नियमांत बदल होतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचूनच अर्ज करा. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेची मान्यता महाविद्यालयाला आहे का, हे आधी पाहा. फीशिवाय कागद, नमुने, छपाई आणि संगणक यांचा खर्च येतो, तोही धरून चाला.

महाविद्यालय पाहायला गेलात तर इमारतीच्या झगमगाटाला भुलू नका. हे प्रश्न विचारा. इथे कार्यशाळा आहे का? मुले स्वतः वीट रचतात का, काँक्रीट कालवतात का, लाकूड कापतात का? खेड्यातली घरे मोजायला आणि माणसांशी बोलायला त्यांना नेता का? एक सत्र प्रत्यक्ष कामाचे अनुभवशिक्षण असते, ते कुठे मिळते? उत्तरे समाधानकारक आली तर समजा, की तिथे रेघांच्या पलीकडचे काही शिकवतात.

आणि हो, शहरात नेऊन घातलेल्या मुलीला सुट्टीत घरी आल्यावर गावच्या गवंड्याच्या हाताखाली आठ दिवस काम करू द्या. लोक हसतील. हसू द्या. ओळंबा कसा धरायचा, चुनखडी कोणत्या खाणीची चांगली, कोणत्या विहिरीच्या पाण्याने गिलाव्याला पांढरे फूल येते, हे त्याच्याइतके कुणी सांगणार नाही. तिच्याजवळ हिशेब आणि शास्त्र असेल, त्याच्याजवळ हात आणि अनुभव असेल. दोघे एका जोत्यावर उभे राहिले, तर आपल्या काळ्या रानातल्या घराला तडा जाणार नाही.

त्या शेतकऱ्याला मी हेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, गवंडीही हवा आणि शिकलेलं माणूसही हवं." मी म्हणालो, "दादा, आणि तिसरी ती आजी हवी, पाऊस कुठून येतो ते सांगणारी."

मुलीने अर्ज भरला आहे. तिचे काय होते ते कळवीनच. दरम्यान तुमच्या घरी बांधकाम निघाले असेल, तर एक करा. पाया आखण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला जागेवर न्या, खुर्ची टाकून बसवा आणि त्यांचे पुरते ऐकून घ्या. मी एकदा ऐकले नव्हते. ते वासरू अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.